नारिंगी पोटाची पिल्लं

लेक पुण्याला शिकायला गेली आणि जाताना माशांची टाकी माझ्या गळ्यात बांधून गेली. "आई, फक्त सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकायचं, बाकी काही नाही," असं म्हणाली होती. बाकी काही नाही म्हणे! जिच्या घरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तिला विचारा टाकीचं पाणी बदलणं म्हणजे काय असतं ते. पहिले काही महिने मी त्या माशांना रोज शिव्या घातल्या. नंतर कधी जीव जडला ते कळलं नाही. आता मी पतसंस्थेतल्या काउंटरवर बसूनही टाकीचा विचार करते, आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं राहतं.

टाकी लेकीच्या खोलीत होती. या उन्हाळ्यात त्या खोलीत मामा राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. दौलताबादच्या रस्त्यानं पडेगाव मागं टाकून गेलं की आतल्या बाजूला आमचं गाव आहे. सासूबाई गेल्यापासून मामा तिथं एकटेच राहायचे. उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडले आणि पुतण्या दूध घेऊन येईपर्यंत तिथंच ओल्या फरशीवर पडून राहिले. हाड मोडलं नाही हे नशीब. पण नवऱ्यानं हाय खाल्ली. तो गेला आणि वडलांना उस्मानपुऱ्यात आमच्या फ्लॅटवर घेऊनच आला. मामा फक्त "बरं" म्हणाले.

आले ते पाहुण्यासारखे, आणि पाहुणेच राहिले. पंखा लावू का मामा? "राहू दे बाई." चहा टाकू? "असू दे, तुला तरास." टीव्ही लावून देऊ? "काय नाय, बसलोय बरा." दिवसभर खुर्चीच्या कडेवर बसायचे, एसटी यायची वाट बघत असल्यासारखे. आणि मी? मी ही अशी बाई, की भाजीवाल्यानं वरून हिरव्या काड्या लावून आत सडकी जुडी दिली तर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. नवरा, लेक, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांनी माझी बोलणी खाल्लेली आहेत. पण मामांपुढं माझा आवाज असा काही बसायचा की मलाच माझी ओळख पटेना. "हो मामा." "असू द्या मामा." "तुम्ही बसा मामा." नवऱ्याची वाळूजला कंपनीत दुसरी शिफ्ट. म्हणजे संध्याकाळी घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकमेकांना जपत गप्प. मला त्या गप्पपणाचा अक्षरशः घाम यायचा.

दसरा झाला आणि एका सोमवारी सकाळी जेवताना मामा नवऱ्याला म्हणाले, "आता मी बरा हाय. पुतण्याला सांगितलंय, येत्या रविवारी जीप घिऊन येतोय. माझं इथं काय काम?"

नवऱ्यानं समजावलं, चिडला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मामा शांतपणे म्हणाले, "तुमी लई केलं रं. पन मानसानं किती दिस पाव्हनं राहायचं?" मी ताटं उचलली. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की ती ओली फरशी दिसायची, आणि या वेळी दूध घेऊन कुणी येतच नव्हतं. मामा गावी गेले तर पुढच्या वेळी आपल्याला फोनच येईल आणि तो कसला असेल, हे मला लख्ख दिसत होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात टाकीतल्या एंजल माशांच्या पिल्लांनी पोहायला सुरुवात केली.

एंजल म्हणजे ते चपटे, तिकोनी, उभ्या पट्ट्यांचे मासे. दिसायला राजघराण्यातले, वागायला नालायक. अंडी घालतात, नवरा-बायको मिळून पंखांनी वारा घालतात, आणि तिसऱ्या दिवशी काय डोक्यात शिरतं कोण जाणे, स्वतःच खाऊन टाकतात. माझ्या जोडीनं हा प्रकार इतक्यांदा केला होता की मी त्यांना तोंडावर राक्षस म्हणायचे. या वेळी मी टाकीत उभी केलेली, अंडी चिकटलेली फरशीची पट्टीच काढली आणि शेजारच्या छोट्या काचेच्या टाकीत ठेवली. अंड्यांतून शेपट्या वळवळल्या, मग डोळे दिसायला लागले, आणि त्या मंगळवारी अख्खा घोळका पट्टी सोडून पाण्यात उभा राहिला. जिऱ्याएवढी पिल्लं. जिऱ्याला डोळे फुटले तर कसं दिसेल, तस्सं.

आता खरी परीक्षा असते ती खाण्याची. ही पिल्लं वाळलेलं खाणं तोंडात घेत नाहीत. हलणारं, जिवंत पाहिजे. त्यासाठी बाजारात आर्टेमियाची अंडी मिळतात. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी म्हणा. अंडी दिसतात चहाच्या भुकटीसारखी. कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात खडेमिठाचं पाणी, चिमूटभर अंडी, खालून हवेची नळी, वर दिवा. आज रात्री लावली की उद्या रात्री फुटतात. विरजणासारखंच आहे, रोज उद्याचं आज लावावं लागतं. एक दिवस विसरलात की दुसऱ्या दिवशी पिल्लं उपाशी, आणि या वयात उपाशी राहिली की संपली.

ही सगळी यंत्रणा मामांच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर मी दारावर टकटक केलं. "मामा, येऊ का? यांना खायला घालायचंय."

"ये की. तुझंच घर हाय."

हे असं बोलायचे. मला लागायचं, पण काय करता?

मी बाटलीची हवा बंद केली. रिकामी टरफलं वर तरंगली. बाटलीच्या तळाशी टॉर्च धरला तशी फुटलेली कोळंबी उजेडाकडं धावली आणि तळाला नारिंगी ढग जमला. तेवढाच ढग नळीनं फडक्यावर काढला, गोड्या पाण्यात खळबळला आणि ड्रॉपरनं पिल्लांच्या टाकीत सोडला. खोलीतला मोठा दिवा मी बंद केला. फक्त टाकीवरचा बारका दिवा ठेवला.

आणि मग ते सुरू झालं. नारिंगी ठिपके झटके देत उजेडाकडं निघालेले, आणि एकेक पिल्लू एकेका ठिपक्यासमोर थांबायचं. थांबायचं म्हणजे अंग वाकडं करून, इंग्रजी एससारखं, नजर लावून. मग टुण्णकन पुढं. ठिपका गायब. पहिल्या दिवशी निम्म्यांचा नेम चुकतो. चुकलं की पुन्हा मागं सरायचं, पुन्हा वाकडं व्हायचं. आणि गंमत अशी की पिल्लांचं अंग काचेसारखं आरपार, त्यामुळं पोटात गेलेलं बाहेरून दिसतं. पाच-दहा मिनिटांत एकेकाचं पोट नारिंगी व्हायला लागतं. कोण जेवलं, कोण राहिलं, विचारायची गरजच नाही.

मी काचेला नाक लावून बसले होते. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"त्ये कोपऱ्यातलं," ते हळूच म्हणाले, "त्येनं काय बी खाल्लं नाय."

खरंच होतं. कोपऱ्यात एक पिल्लू ठिपक्यांना नुसतं बघत होतं. आम्ही दोघं श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिलो. शेवटी एक ठिपका आपणहून त्याच्या तोंडाशी आला आणि त्यानं तो घेतला. मामांच्या तोंडून "हां!" असं निघालं. घरी आल्यापासून त्यांनी कशालाच "हां" म्हटलं नव्हतं. मग लगेच सावरून खुर्चीच्या कडेवर जाऊन बसले, आणि मी "झोपा मामा" म्हणून निघाले. बुधवारीही तसंच.

गुरुवारी पाणी आलं. बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्या शहरात पाण्याचा दिवस हा सणच असतो. साठवलेलं जुनं पाणी सकाळीच काढून टाकायचं. फरशा धुवायच्या, कुंड्यांना घालायचं, गाडी पुसायची. मग पिंप, घागरी, बादल्या, पातेली, सगळं नव्यानं भरायचं. मला कामावर जायचं होतं, पाणी उशिरा आलं. संध्याकाळी घरी आले तर काय, सगळं घर भरलेलं! मामांनी एकट्यानं भरून ठेवलं होतं. न्हाणीतल्या पडण्यानंतर त्यांना बादली उचलू द्यायची नाही असं ठरलं होतं. पण मी आपलं नेहमीचं, "कशाला मामा, तुम्हाला त्रास."

बाल्कनीत एक निळं पिंप आहे. त्यातलं पाणी फक्त माशांचं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते आधीच्या वेळचं शिळं ठेवते मी. त्यातून मी दोन तांबे पाणी पिल्लांच्या टाकीत बदललं. पाणी त्या दिवशी फारच नितळ वाटलं, मला उलट बरं वाटलं. जेवणं झाली, कोळंबी काढली, टाकीत सोडली, दिवा घालवला.

काहीच झालं नाही.

नारिंगी ठिपके आरामात उजेडात नाचत होते. त्यांच्यामागं कुणीच धावेना. पिल्लं तळाला, एकमेकांना चिकटून, गालफडं धपाधप हलवत पडली होती. एक तर आडवंच झालेलं.

"मामा," मी विचारलं, "बाल्कनीतल्या निळ्या पिंपात काही टाकलं का?"

"टाकलं काय बी नाय. तुरटी फिरवली जरा. समद्याच पान्यात फिरवली. त्या पिंपात तर खाली लई गाळ व्हता."

गावाकडं साठवणीच्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवतात. गाळ बसतो, पाणी निवळतं. सासूबाईही फिरवायच्या. त्यांनी प्रेमानंच केलं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण तुरटीनं पाण्याला आंबटपणा येतो आणि कोवळ्या कल्ल्यांना तो सोसत नाही. आणि माझं तोंड सुटलं.

"अहो मामा, काय केलंत हे! विचारायचं तरी एकदा! माशांचं पाणी आहे ते, ओरडून ओरडून सांगते मी घरात, त्याला हात लावायचा नाही म्हणून! मेली ना ती आता! किती जपलं मी त्यांना!"

सगळ्या अपार्टमेंटनं ऐकलं असेल. मामा उभे राहिले. मला वाटलं संपलं सगळं, आता हे रविवारची वाट न बघता आत्ताच निघतात.

"मला कवा सांगितलं?" मामा म्हणाले. आणि तेही मोठ्यानं! "समद्यांना ओरडून सांगतीस, मला कवा सांगितलं तू? माझ्याशी त बोलतच नाय! हो मामा, असू द्या मामा! पाव्हन्याला सांगत्यात का कुनी घरातलं?"

आणि ते खरं होतं, शब्दन् शब्द.

"बरं, आता भांडत बसू नको," ते म्हणाले. "ह्यांना कंचं पानी पायजे, त्ये सांग."

"जुनं. मागच्या वेळचं. तुरटी न फिरवलेलं."

पाण्याच्या दिवशी संध्याकाळी जुनं पाणी! सगळ्यांनी सकाळीच फरशीवर ओतून टाकलेलं. मी म्हटलं, मिळायचं नाही मामा. ते ऐकायला थांबलेच नाहीत. बादली उचलली, कठडा धरत धरत जिना चढायला लागले. मी मागं. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. दार उघडलं की विचारायचे, "तुमच्याकडं जुनं पानी हाय का वं?" लोक चक्रावून बघायचे. ज्या दिवशी घरोघरी नवं पाणी वाहतंय त्या दिवशी हा म्हातारा जुनं मागतोय! एका बाईंनी तर दया येऊन नव्या पाण्याची कळशीच पुढं केली. मामा म्हणाले, "नगं माय, त्येला औषध असतंय. लेकरं बारकी हायेत." इतके महिने या माणसानं शेजारच्या दाराकडं मान वर करून बघितलं नव्हतं.

शेवटी तळमजल्यावर, ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले चाचा राहतात, त्यांच्या दारी पोचलो. त्यांची पाठ धरलेली होती म्हणून कुंड्यांसाठीचं जुनं पाणी ओतायचं राहून गेलं होतं.

"फिटकरी तो नै फिराए ना?" मामांनी त्यांच्या हिंदीत तुरटीचं विचारलं.

"फिटकरी? नक्को बा, मेरेकू उसका सवादच नै जमता. कित्ता होना? पूरा लेको जाव. मच्छी के बच्चे है क्या? मैं भी आके देखूं?"

तर असे आम्ही तिघं मामांच्या खोलीत. एकदम पाणी बदललं तर पिल्लं धक्क्यानंच जातात, म्हणून मी हवेच्या बारक्या नळीला गाठ मारून बादलीतलं पाणी थेंब थेंब टाकीत सोडलं, दवाखान्यात सलाईन लावतात तसं. गाठ सारखी सैल व्हायची. मामांनी ती नळी दोन बोटांत धरली आणि बसून राहिले. मी दुसऱ्या बाजूनं तुरटीचं पाणी काढत होते. चाचा खुर्चीवर बसून "अल्ला करम करे" म्हणत होते आणि मधेच मामांना गावाकडच्या पावसाचं विचारत होते. नवरा शिफ्टवरून आला तेव्हा त्याला वाटलं घरात कुणाला काही झालंय. त्याला मी नुसतं "शूः" म्हटलं.

सकाळी काही पिल्लं मेलेली होती. मी ती चमच्यानं काढली, आणि सांगते, रडले मी. मामा म्हणाले, "उरलेली बघ की." उरलेली पुष्कळ होती, आणि पुन्हा मधल्या पाण्यात उभी होती. शुक्रवारी रात्री पुन्हा ढग काढला. या वेळी ड्रॉपर मामांच्या हातात होता. पिल्लं थांबली, वाकडी झाली, आणि टुण्णकन! एक पोट नारिंगी, मग दुसरं. मी आनंदानं मामांचा दंड धरून हलवला. सासऱ्याचा दंड! आईनं बघितलं असतं तर मला उभी कापली असती.

पण रविवार काही टळला नाही. मामा जाण्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. विचारलं आणि "जातो" म्हणाले तर? रविवारी दुपारी मी दशम्या केल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर फडक्यात बांधल्या. गाव हाकेवर आहे, तरी जाणाऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवणार? दशमी भाजताना माझं लक्ष नव्हतं.

पुतण्या दिवेलागणीनंतर आला. चहा पिऊन म्हणाला, "चला काका, अंधार झालाय. पिशवी कुठंय?"

"थांब," मामा आतून म्हणाले. "ह्यांचं जेवन हुंदे."

पुतण्या खोलीत येऊन उभा राहिला. मामांनी हवा बंद केली, टॉर्च धरला, ढग काढला, खळबळला, सगळं जसंच्या तसं. दिवा घालवला. आम्ही तिघं काचेसमोर. पुतण्या आधी घड्याळ बघत होता, मग तोही वाकला. "आयला काका, पोटात दिसतंय की ह्यांच्या!" एकेक पोट भरत गेलं. मी मात्र पिल्लांकडं बघतच नव्हते, मामांकडं बघत होते.

सगळी पोटं नारिंगी झाल्यावर मामा उठले. बाल्कनीत गेले. परत आले ते दोन रिकामे कॅन घेऊन, आणि ते त्यांनी पुतण्याच्या हातात दिले.

"आपल्या हिरीचं पानी आन भरून. आधी मोटार जराशी चालू दे, मंग भर. पुढच्या रविवारी आनलं तरी चालंल."

"आन् तुमी?"

"मी काय कॅनमधी बसून जाऊ व्हय?" मामा म्हणाले. "उद्याची बाटली कोन लावील? ही कामावर जाती."

पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. तो कॅन घेऊन जिना उतरला, जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गेली. मामा टाकीसमोर मांडी घालून बसले, दशम्यांचं फडकं त्यांनीच सोडलं, दशमीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. चावत राहिले बराच वेळ.

"ह्या दशम्या हायेत का पत्रा?" ते म्हणाले. "दातानं तुटनात. लक्ष कुठं व्हतं तुझं?"

"तुम्ही निघाला होता ना, तिकडं होतं!" मी ओरडलेच. "उद्या मऊ करते."

"कर," मामा म्हणाले, आणि दुसरी दशमी माझ्यापुढं सरकवली.